कोऱ्या चौकटीची ओळ

हिलालआप्पांना "काय आप्पा, बरं आहे ना?" असं चुकूनही विचारू नये, हे आम्ही नंदुरबारच्या कचेरीत नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी बजावत असू. आप्पा एका वाक्यात उत्तर देतच नसत. "सोमवार, डावा गुडघा, दुखस. सोमवार, उजवा गुडघा, बरा शे. मंगळवार, डावा गुडघा..." रविवार येईपर्यंत समोरच्याचा चहा गार.

ही खोड त्यांना कामाने लावली होती. साठ सालच्या आसपासची गोष्ट. गावोगावचे मृत्यूंचे जुने-नवे तक्ते आमच्याकडे येत. डावीकडे गावाचं नाव, पुढे आडवे बारा महिन्यांचे बारा रकाने. धुळ्याच्या वरिष्ठांना मात्र एका गावाच्या एका महिन्याला एक ओळ, अशी उभी यादी लागे. म्हणजे एका गावाच्या बारा ओळी! आम्ही या कामाकडे पाठ फिरवायचो. आप्पा रकान्याला रूळ लावून, जीभ दातांत धरून बसत. "आडवं गाव उभं करी ऱ्हायनू, बोलू नका!" बाजाराची चिठ्ठीसुद्धा ते तशीच करीत. मिरची एक ओळ, मीठ एक ओळ. एकटाच जीव, त्यामुळे चिठ्ठी लिहिणारे तेच आणि घेऊन जाणारेही तेच.

त्यांच्या एका हट्टाने मात्र सगळे वैतागत. डोंगरातल्या गावांचे काही महिने कोरेच येत. त्या कोऱ्या चौकटीचीही आप्पा वेगळी ओळ काढत आणि पुढे "माहिती नाही" असं लिहीत.

नवे साहेब भडकले. "या ओळी गाळा, नाहीतर शून्य लिहा. हेडकारकुनी हवी आहे ना तुम्हाला?"

आप्पांना ती हवी होती. दहा वर्षं ते तिची वाट पाहत होते. तरी म्हणाले, "साहेब, शून्य म्हणजे कोनीतरी डोंगर चढी गया, पाहं, कोनी मरेल नव्हतं. कोरं म्हणजे कोनी चढंच नही. मी गाळाव नही."

साहेबांनी तक्ते उचलून माझ्या टेबलावर टाकले. मलाही बढती हवी होती. मी भराभर गाळत सुटलो.

तिसऱ्या दिवशी आप्पा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. एका जुन्या तक्त्यातल्या ऑगस्टच्या कोऱ्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं.

"बाकीन्या गाळ, भाऊ. एवढी एक ऱ्हाऊ दे."

"का?"

"त्या साले मी तठे मास्तर व्हतू. देवीनी साथ उनी. मन्ही पोर तठेच गयी. नदीले पूर, कोनी वर उनंच नही. तिन्हं मरन कोठेच लिखेल नही."

"साहेब पान न् पान बघतात, आप्पा," मी म्हणालो आणि पुढच्या गावाला लागलो.

"बरं," आप्पा म्हणाले. मग त्यांनी माझा पुढचा कोरा कागद ओढून घेतला, त्यावर रुळाने सरळ रेघा मारून दिल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

यादी वेळेवर धुळ्याला गेली. हेडकारकुनी मला मिळाली. आप्पांनी त्यावरून मला कधी एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. आता तेही नाहीत. पोरीचं नाव काय होतं, एवढं तरी त्या दिवशी मी विचारायला हवं होतं.