एका धाररावाच्या बदल्यात सात पोरे घेतली, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. तिचे पायी मस्तक ठेवून लेखन आरंभिले. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी संवत्सरी, महाराजांचे राज्यी चेंडूफळीचा खेळ युद्धाच्या तोलाचा मानीत, आणि धारराव गोलंदाज ऐसा होता की त्याने चेंडू सोडिला म्हणजे खुंट उडालाच समजावा. त्या पोरक्यास चुलते अंताजी पारखी यांनी पोटच्यासारिखे वाढविले. मग शेजारच्या दरबाराचा वकील आला आणि बोलिला, "एक धारराव द्यावा, सात कोवळे गोलंदाज घ्यावे. एक म्हातारा होईल, सात मोठे होतील." महाराजांस गोष्ट मानवली, आणि अंताजींस पारख करण्याची आज्ञा जाहली.

त्या राज्याची चाल ऐसी की पारख्याने डोळ्यांस पट्टी बांधून केवळ कानांनी पारखावे. मुखास वा कुळास भुलू नये. भर दुपारी, मैदानी दुसरे कोणी नसता, त्या सात पोरांचे सात चेंडू सुटले, आणि सातही वेळा खुंट कडाडला. अंताजी बोलिले, "सातही अस्सल." निरोपाचे वेळी धारराव हसोन म्हणाला, "काका, या पोराला फुकटही कोणी नेणार नाही म्हणत होता ना? बघा, सात आले!" आणि मग पाया पडोन गेला, तो कायमचा.

मग पहिल्याच सामन्यास पोरे उभी राहिली, आणि लोक पाहत होते तोवर एकाच्याही हातातून चेंडू सुटेना. हात वर जाई, तेथेच राही. थोरला पोर शांतपणे बोलिला, "पाहू नका, म्हणजे सुटेल." महाराजांनी हुकूम केला, आणि दहा हजार माणसांनी डोळ्यांस पट्ट्या बांधिल्या, आणि खुंट कडाडू लागला, आणि जयजयकार जाहला.

अंताजींस राहवेना. माझा धारराव मी कशापायी दिला, एवढे तरी कळावे. मग त्यांनी पट्टी उचलली.

आणि सात पोरे हात सोडून उभी. हात रिकामे.

आणि सातही अंताजींकडेच पाहत.

आणि कडाड. आणि खुंट जागचा हलला नाही.

आणि कडाड.

शेजारी बसलेला म्हातारा चाचपडत म्हणाला, "अंताजीपंत, पारखी तुम्ही. सांगा की, सौदा कैसा?"

अंताजींनी पट्टी खाली ओढली, आणि मग दुसरी गाठ मारिली.

"फायद्याचा," म्हणाले.

ऐसा हा बदला जाहला. राज्य त्या वर्षी एकही सामना हरले नाही, हे सर्वांनी ऐकिले.