शेळीचा मुहूर्त

माझ्या आजीने जन्मात कुणाचा हुकूम मानला नाही. आमच्या घराण्याला ताठ कणा मिळाला तो तिच्यामुळे, असे आम्ही नातवंडे आल्यागेल्याला सांगतो. हुकूम सोडण्याइतका मोठा माणूस आमच्या गल्लीत सहसा फिरकत नसे, हे सांगत नाही.

गल्लीत हुकूम चाले तो मिलच्या भोंग्याचा. अख्खे सोलापूर त्यावर उठे, जेवे, चुली पेटवी. आजी तेवढी नाही. भोंगा वाजला की ती हातातले काम थांबवी. जाते थांबे; तोंडाशी नेलेला घास परत ताटात जाई. आवाज विरला की पुन्हा सुरुवात.

"त्यो वाजला म्हनून मी जेवली, आसं कुनी म्हनाय नगं."

"आजी, भोंगा काय तुमचा सासरा हाय का?" शेजारच्या नरसव्वाने एकदा विचारले.

"सासऱ्याचं तरी कुटं ऐकलं?"

आजी मोहोळकडच्या धनगराची लेक. तिचे घड्याळ म्हणजे दारातली शेळी. संध्याकाळी शेळी ओरडली की आजी दिवा लावी. "शेळीला मिलचा पगार न्हाय. ती कशाला खोटं बोलंल?"

आक्काच्या लग्नाला गोरज मुहूर्त होता आणि भटजींचे घड्याळ बंद पडले होते. संध्याकाळचा भोंगा झाला की अक्षता टाकू, असे त्यांनी ठरवले. आजी उठली आणि अंतरपाटाचे टोक मुठीत धरून उभी राहिली.

"माज्या नातीचं लगीन मिलच्या हुकमानं लागायचं न्हाय. शेळी वरडंल तवा."

व्याही मानी गृहस्थ. "शेळीच्या मुहूर्तावर सून नेऊ व्हय? बैलं जुपा रं."

आई रडू लागली. भोंगा वाजला, संपला. आजीची मूठ सुटेना. व्याह्यांनी चपला पायात सरकवल्या. आक्का मुंडावळ्यांआडून एकदा दाराकडे आणि एकदा आजीकडे बघत होती.

तेवढ्यात शेळी ओरडली. चांगली लांबलचक.

"आता टाका," आजी म्हणाली आणि अंतरपाट सोडला. व्याह्यांनी चपला न काढताच अक्षता टाकल्या.

पुढे मिलमध्ये संप झाला. भोंगा मुका झाला. पहिल्याच संध्याकाळी मी आजीचे अभिनंदन करायला गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर फडक्यात भाकरी.

आजोबा मिलमध्ये होते. माझ्या जन्माआधीच ते गेले. रोज संध्याकाळी भोंग्यानंतर एक भाकरी शेळीला जाते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. ती कुणासाठी भाजलेली असते, हे कुणी विचारले नव्हते.

"आजी, दे की तिला आता."

"आजून वाजला न्हाय की रं," आजी म्हणाली. "भोंगा झाल्याबिगर त्येनी येत न्हाईत."

मी शेजारी बसलो. अंधार पडला, तरी दिवा लागला नव्हता. शेळी खुंट्याशी गप्प उभी होती.

संप मिटेपर्यंत ती एकदाही ओरडली नाही.