चिमट्यांचं जहाज

रोग परवडला पण औषध नको, हे त्या घराला पटलं ते बाबा निवृत्त झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, हातांना काहीतरी काम द्या, मन रमवा. बाबांनी घरी येताना वाटेतच एक छोटासा निर्णय घेतला. लाकडी जहाज बांधायचं. तीन डोलकाठ्यांचं, जुन्या काळातलं, टेबलावर मावेल एवढं. (टेबल कोणाचं, हे कोणी विचारलं नाही. घरात टेबल एकच होतं.)

बाबांचा रक्तदाब भराभर उतरला. उतरून तो गेला कुठे, हे डॉक्टरांनी तपासलं नाही. तपासलं असतं तर लेकीच्या मस्तकात सापडला असता.

लेकीला घरात सगळे ठिणगी म्हणत. हे नाव आत्याने ठेवलं होतं, आणि ठिणगीने ते मेहनतीने सार्थ केलं होतं. कॉलेज नुकतंच संपलेलं, मतं पक्की, संयम शून्य. तिच्या मते वडीलधाऱ्यांचा एकच रोग होता. त्यांना कुठलीही गोष्ट ‘दोनच मिनिटं’ हवी असते, आणि ती दोन मिनिटं संपल्याचं त्यांच्या घड्याळात कधीच दिसत नाही. टेबलही बाबांना दोनच मिनिटं हवं होतं. तेव्हापासून घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती आणि जहाज टेबलावर ऐसपैस पसरलं होतं.

बरं, जहाज एकटं येत नाही. त्याच्या पोटाला लावायच्या फळ्या म्हणजे बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या. त्या वळवायच्या तर आधी वाफेवर मऊ कराव्या लागतात. बाबांनी त्या सरळ कुकरात घातल्या. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक पदार्थाला सुताराच्या दुकानाचा वास यायला लागला. डोलकाठ्यांच्या दोऱ्या आईच्या शिवणाच्या डब्यातून गेल्या. ठिणगी भडकली की आई म्हणायची, जाऊ दे ग, निदान बातम्या बघून टीव्हीवर ओरडत तरी नाहीत. (आई जन्मापासून ‘जाऊ दे’ पक्षाची. तिच्यामुळेच हा पक्ष सत्तेत होता.)

म्हणून ठिणगीला ती नोकरी हवी होती. कंपनी दुसऱ्या शहरात होती. काम नियोजनाचं, म्हणजे कोणी काय कधी करायचं आणि त्याला कुठलं सामान लागेल ते बघायचं. पगार किती, हे तिने विचारलंही नव्हतं. जाहिरातीत ऑफिसचा फोटो होता आणि त्या फोटोत एक रिकामं टेबल होतं. ठिणगी त्या टेबलाच्या प्रेमात पडली होती.

मुलाखत व्हिडिओवर होती. आदल्या संध्याकाळी तिने आपला एकुलता एक पांढरा शर्ट धुतला, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला, आणि वारा सुटलाय हे बघून त्याला चांगले चार चिमटे लावले. सकाळी गॅलरीत गेली तर दोरी होती. शर्ट नव्हता, चिमटेही नव्हते.

चिमटे कुठे असतील हे तिला विचारावं लागलं नाही. टेबलावर जहाज साळिंदरासारखं फुललं होतं. वाफवलेली फळी सांगाड्यावर वळवली की गोंद सुकेपर्यंत दाबून धरावी लागते, आणि बाबांनी त्यासाठी घरातले यच्चयावत चिमटे लावले होते. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

“माझ्या शर्टाचे चिमटे काढलेत तुम्ही?”

“वाळला होता की,” बाबा मान वर न करता म्हणाले. “आणि चारच तर कमी पडत होते.”

एवढ्यात दाराची बेल वाजली. खाली इमारतीचं फाटक रंगवणारा रंगारी शर्टाची व्यवस्थित घडी घालून दारात उभा होता. शर्ट ओल्या फाटकावर येऊन बसला होता. पाठीवर गजांचे निळे पट्टे उमटले होते, अगदी सरळ आणि समान अंतरावर. रंगारी अपराधी चेहऱ्याने म्हणाला, पुढून एक थेंब नाही ताई.

ते खरं होतं. कॅमेऱ्याला पाठ कशाला दिसतेय, असं म्हणून आईने शर्टाला इस्त्री फिरवली, आणि ठिणगीने तो दातओठ खात अंगात चढवला. मुलाखतीला दहा मिनिटं होती. इंटरनेट धड चालायचं ते फक्त टेबलापाशी. बाबांनी मोठ्या मनाने जहाज वीतभर सरकवलं.

तिने निमूट बसायला हवं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस तत्त्वाच्या गोष्टी करतो. माझे चार चिमटे मला आत्ताच्या आत्ता हवेत, असं म्हणून तिने पहिल्याच चिमट्याला हात घातला. बाबा नको नको म्हणेपर्यंत फळी टणकन उघडली. बाबांनी झेप घेतली, झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी पिळली आणि फळी अंगठ्याने गच्च दाबून धरली. फळी बसली. बाबांनी सुटकेचा श्वास टाकला. मग दोघांनी एकदमच खाली पाहिलं. फळी आणि जहाज यांच्यामध्ये ठिणगीची बाही होती.

“ओढू नकोस,” बाबा म्हणाले. “फळी तुटेल.”

फळी. मुलीची मुलाखत तुटली तरी चालेल. ठिणगी यावर जे बोलणार होती ते घरातल्या भिंतींनीही कधी ऐकलं नसतं, पण तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा उजळला. तीन चेहरे दिसले. मधले पांढऱ्या मिशांचे साहेब होते. त्यांना दिसली एक लालबुंद मुलगी, जहाजाच्या गळ्यात हात टाकून बसलेली.

साहेबांनी कागदावरचा प्रश्न वाचला. एखादं फसलेलं काम जवळून पाहिलं असेल तर सांगा. त्यात काय चुकलं?

या प्रश्नाचं उत्तर तिने पाठ केलं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं होतं, सभ्य होतं. ते कुठच्या कुठे गेलं.

“मी त्या कामाला आत्ता चिकटलेली आहे,” ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. काम सुरू करताना जागेचा विचार नाही. संपणार कधी, तर दोन मिनिटांत. सामान लागेल तसं दुसऱ्याचं उचलायचं, न विचारता. एका खात्याचे चिमटे काढून दुसऱ्या खात्याला लावायचे आणि पहिल्या खात्याचा शर्ट फाटकावर. वर तक्रार केली की ‘जाऊ दे’. पुराव्यादाखल तिने बसल्या बसल्या वळून पाठही दाखवली. जहाज तिच्याबरोबर वळलं. कॅमेऱ्याबाहेरून दोन म्हातारे हात धावून आले आणि त्यांनी जहाज सावरलं.

डावीकडच्या बाई हसता हसता टिपून घेत होत्या. मिशांचे साहेब मात्र पडद्याच्या अगदी जवळ आले होते. फळी वाफेवर मऊ करता का, त्यांनी विचारलं. कुकरात, ठिणगी फणकारली. साहेबांनी शेजारच्यांकडे असं पाहिलं, जणू कोणी त्यांना दडलेला खजिना दाखवला.

निवड तिथल्या तिथे झाली. बाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट बोलणारं कोणीतरी आम्हाला हवंच होतं. ठिणगीच्या डोळ्यांसमोर ते रिकामं टेबल आलं. बॅग कुठली घ्यायची, इथवर ती पोचली होती.

“आणि तुम्हाला इकडे यायची काही गरज नाही,” साहेब प्रेमाने म्हणाले. “घरूनच काम करा. घरात इतकं मोठं काम चालू असताना तुम्हाला तिथून हलवणं मला नाही पटत.”

आईने कात्रीने बाही कापली. बाबांनी तो पांढरा तुकडा उजेडात धरून निरखला आणि शिडाला हे कापड बरं पडेल म्हणाले. ठिणगी दोन दिवस ताट घेऊन गॅलरीत जेवली. या दोन दिवसांत बाबांनी टेबलावर खडूने रेघ ओढून तिला चक्क अर्धं टेबल दिलं. (फळ्या वाळत घातल्या नसतील तेव्हा अर्धं.)

सोमवारी ती नोकरीवर रुजू झाली, म्हणजे रेघेच्या अलीकडे येऊन बसली. कॉम्प्युटर उघडला. साहेबांचा पहिला निरोप आला होता आणि त्यावर ‘तातडीचे’ असं लिहिलं होतं. तिने पाठ ताठ केली, पेन उचललं आणि निरोप मोठ्याने वाचला.

“वडिलांना विचारून लगेच कळवा. पट्ट्यांना कुकरच्या शिट्ट्या किती?”

“तीन,” रेघेच्या पलीकडून मान वर न करता बाबा म्हणाले. “आणि त्यांना विचार, चिमटे आहेत का जास्तीचे?”