गाडग्यातला फेस

मातीच्या भांड्यात आपली संस्कृती मुरलेली असते, असं धोंडीराम ठामपणे सांगत. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकून घ्यावं लागे. घरातलं एकुलतं एक मातीचं गाडगं मात्र त्यांनी जन्मात कधी घासलं नव्हतं. मंगळवारी घासलं, आणि घोटाळा झाला.

गाडगं त्यांच्या सासूबाईंचं. त्या गेल्यावर धोंडीरामांच्या पत्नी मथुराबाई आणि त्यांची थोरली बहीण केराबाई यांची गाडग्यावरून चांगलीच जुंपली होती. शेवटी नातेपुत्याच्या केराबाईंनी एका अटीवर माघार घेतली. "राखेनं घासायचं, नारळाच्या शेंडीनं. त्या मातीला झिलई न्हाय, काय बी पिऊन बसती. साबणाचा थेंब जरी लागला, तरी मी गाडगं उचलून नेणार!"

मंगळवारी मथुराबाई टेंभुर्णीला बारशाला गेल्या. संध्याकाळी त्या केराबाईंना घेऊनच परतणार होत्या, कारण अक्कांना गाडग्यातली आमटी खायची होती. मोकळं घर बघून धोंडीरामांना उत्साह आला. गाडग्यात अंड्याची भुर्जी काय लागेल! ती लागली, बुडाला. गॅसच्या घरात राख कुठली? त्यांनी भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि झकास घासलं. मग अट आठवली.

त्यांची हाक ऐकून खालच्या मसाल्याच्या दुकानातला आरिफ दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"एवढंच व्हय, काका? पाणी उकळा की त्यात. साबण भाईर पडतो."

पाणी उकळलं, फेस आला. ते ओतून दुसरं ठेवलं, तर जास्त फेस आला. तिसऱ्या खेपेला तो काठावरून उतरून शेगडीवर पसरला.

"खरं सांगा काका, किती टाकला?"

"एक थेंब रे! आईशप्पत!"

"एवढ्या फेसात माझी स्कूटर धुऊन निघंल की!"

नळाला पाणी परवा येणार होतं आणि पिंपाचा तळ दिसू लागला होता. आरिफ घरी पळाला आणि भरलेली घागर घेऊन आला. मागोमाग त्याची बायको हुस्ना आली.

"पोरांच्या आंघोळीचं पाणी चाललंय ते कशासाठी, तेवढं तरी कळू द्या!"

"संस्कृतीसाठी, बाई," धोंडीराम धापा टाकत म्हणाले.

उन्हं कलताना एकदाचं पाणी नितळ राहिलं. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. गाडगं गच्चीवर पालथं घालून धोंडीराम त्याच्याशेजारी पहारा देत बसले. मथुराबाई आल्या तेव्हा ते कोरडं ठणठणीत होऊन फळीवर बसलं होतं, आणि धोंडीराम पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

आमटी झाली. केराबाईंनी पहिला भुरका मारला.

"मथुरे, ही ती आमटी न्हाय."

"असं कसं, अक्का?"

"काय तरी गेलंय ह्यातनं. साबण लावलास व्हय गं?"

"मी दिसभर तुज्यासंगंच हुते की!"

केराबाईंनी मान वळवली. "मग दाजींनी?"

धोंडीरामांना ठसका लागला. केराबाईंनी गाडगं पुढ्यात ओढून हुंगलं. त्यांची मोकळी पिशवी शेजारीच होती.

"तो लिंबाचा वास कुटं गेला? हितं जेवले की दर खेपेला लई ग्वाड यायचा. ती तर ओळख हुती आईच्या आमटीची!"

मथुराबाईंनी एकदा गाडग्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"लिंबू संपलं हुतं घरात, अक्का."

"मग आदी बोलायचं की! मला वाटलं, गाडगं गेलं." केराबाईंनी पिशवीची घडी घातली आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."

जेवणं उरकली. आवराआवर करायला धोंडीराम आत गेले, तर मथुराबाई मोरीत बसल्या होत्या. गाडग्यात त्यांनी भांड्याच्या साबणाची सढळ धार सोडली.

"अगं, साबण!"

"हळू बोला, अक्का ऐकंल. राख कुटनं आणू मी रोज? गाडगं घरात आल्यापास्नं ह्यानंच घासते की."

धोंडीराम पाटावर टेकले. मोरीभर लिंबाचा वास सुटला होता.

त्या घरच्या आमटीत पहिल्यापासून चिंच असते.