ढमाले काकांचं परमिट

माझ्या पोटरीचा स्नायू फाटला, त्यात ढमाले काकांचा काहीही दोष नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुनावळ्यात मी महिनाभर नेमकं उलटं सांगत राहिलो.

काका आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर पळायचं परमिट देत. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, सेफ्टी खात्यात गेलेली; तिथे धोक्याच्या कामाआधी तपासणी करून लेखी परवानगी, म्हणजे परमिट, द्यायचे. "वेल्डिंगला परमिट लागतं, मग गुडघ्याला नको व्हय?" हा त्यांचा सवाल. वहीत नाव, झोप, दुखणं लिहून घ्यायचे. बुटाचा तळ अंगठ्याने दाबून बघायचे. मग दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. कॉलेजच्या पोरांनाही सूट नाही. एकदा सत्तरीच्या कुलकर्णी आजी उड्या मारायची दोरी घेऊन आल्या. काका म्हणाले, "आधी आठवडाभर हात न टेकता खुर्चीतनं उठा. उड्यांचं मग बघू." आजी फणकारल्या, पण दुसऱ्या दिवशी घरून खुर्ची घेऊन आल्या.

त्या रविवारी सोसायटीची शर्यत होती. पंचेचाळिशीपुढच्या गटात मला शेजारच्या पाटलाला हरवायचंच होतं. पोटरी चार दिवस ठणकत होती.

"दुखतंय का कुठं? खरं सांगा, राव."

"छे हो, काका!"

त्यांनी वहीत माझ्या नावापुढे सही केली. दुसऱ्या वळणावर मी कोसळलो.

पाटील धावत आला. "काय झालं, भावा?"

खरं सांगायची लाज वाटली. म्हणालो, "काकांनी पोटरी ताणायला लावली ना, तेव्हाच गेली."

संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पसरलं. "सेफ्टीवाल्यानंच माणूस पाडला, राव!" लोक हसले, मीही हसलो. काका मैदानावर यायचे बंद झाले.

पाय टेकवता यायला लागल्यावर त्यांच्या घरी गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. दार उघडंच होतं. काका भिंतीला हात लावून, एक पाय मागे ताणून उभे होते.

"या. पाय कसा हाय?" त्यांनी पाय तसाच ठेवून विचारलं. "तुम्हाला दिलेला व्यायाम रोज सोता करून बघतोय. कुठं चुकलो, ध्यानातच येईना. आता कुणाला शिकवायचं म्हटलं की भ्या वाटतं."

त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीवर मला बसवेना.

"काका, पोटरी आधीपासूनच दुखत होती. मी आधी तुमच्याशी खोटं बोललो, मग तुमच्याबद्दल. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं, मला माफ करा. उद्या मैदानावर सगळ्यांसमोर हेच सांगतो."