तीन वाजेपर्यंतची मुदत

राजाराम पोफळीच्या वीजकेंद्रात कारकून, सुनंदा मंडणगडला शिक्षिका. वेगळं व्हायला दोघंही राजी होती. अडलं होतं नऊ वर्षांच्या श्रुतीवरून.

रत्नागिरीच्या कोर्टात जज्जसाहेबांनी विचारलं, "मध्यस्थाकडे जाता, की खटला चालवू?" राजारामला मध्यस्थी हवी होती; उलटतपासणीच्या नुसत्या विचारानं त्याला घाम फुटे. सुनंदाला खटला हवा होता; नवरा समोर बसून गोड बोलला की आपण नको त्याला हो म्हणतो, हे तिला ठाऊक होतं. "एकमत करून या," म्हणत साहेबांनी पुढची तारीख दिली.

मधल्या महिन्यात सुनंदाला शाळेत कुणीतरी सांगितलं, की खटल्यात जज्ज मुलीलाच विचारतात, आई हवी की बाबा? तिचा घास उतरेना. तिकडे राजारामला शेजारच्या टेबलावरचा महिपत म्हणाला, "आडमुठा ठरलास तर पोरगी हातची जायची. बायको म्हणते ते मान."

तारखेला सुनंदा उठली. "साहेब, मध्यस्थी चालेल."

त्याच क्षणी राजाराम म्हणाला, "खटलाच चालवा, साहेब."

साहेबांनी कागद उलटून पाहिले. "गेल्या वेळी उलट होतं ना? तीन वाजेपर्यंत ठरवा."

दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

"तुम्हाला खटला कशाला हवाय आता?"

"तुला हवा होता म्हणून!"

"श्रुतीला उभी करतील तिथं. आधीच नखं खात्ये ती."

"कधीपासनं?"

"तुम्ही गेलात तेव्हापासनं."

राजाराम म्हणाला, "शाळा बदलू नको तिची. तुझ्याकडेच राहू दे. मी शनिवारी येईन न्यायला."

"मंडणगडला नको, माझी आई तोंड सोडील. मी खेडच्या स्टँडवर आणत्ये."

"मे महिना माझा."

"अर्धा. आणि गाडीत खिडकीशी बसवा, तिला मळमळतं."

"ते मला सांगू नको! मीच धुतलेत शर्ट."

सुनंदाला हसू आलं, आणि तेवढ्यात पुकारा झाला. दोघांचे चेहरे उतरले.

"ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," सुनंदा रडवेली झाली. "पोरीचं सगळं ठरलं. पण मध्यस्थी की खटला, ते काही ठरेना."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. दोघांकडून एकेक गोष्ट विचारून घेतली आणि लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं. पान भरलं. लेखनिकानं मान वर केली.

"साहेब, वर मथळा काय घालू? मध्यस्थी की सुनावणी?"