हमीदभाईची न तुटणारी धार

आमच्या आर्णीतले हमीदभाई टीव्हीवाले डावा हात खिशात घालूनच बोलते. हजारो व्होल्टच्या कामात दोन्ही हात पुढं केले तर करंट छातीतून जाते, असं त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. ठीक आहे. पण हा माणूस ईदची गळाभेटही एकाच हातानं घेते. मी म्हटलं, "माह्यात काय करंट आहे, हमीदभाई?" तर म्हणे, "आदत बिघडली की आदमी बिघडते, भाऊ."

माह्यं बियाण्याचं दुकान त्यांच्या दुकानाले लागूनच. गावातले जुने, डब्यावाणी टीव्ही सारे त्यांच्याकडं भंगारात जमा. त्यातली मोठ्या व्होल्टची कॉइल काढून साबणाच्या डबीत मावंल असं एक यंत्र ते बनवून राह्यले होते. बटन दाबलं की दोन तारांच्या टोकांमधी जांभळी वीज निघे. पाच मोजेस्तोवर ट्रान्झिस्टर तापे अन् सारं ठप.

"ठिणगी कोणीबी पाडते," ते म्हणत. "मले धार पाह्यजे. तुटली नाई पाह्यजे."

एकदा वीज आतल्या आत फुटू नाई म्हणून कॉइलवर मेण ओतलं. महिना मे, अन् गाव आर्णी. चाचणी झाल्या झाल्या गरम डबी खिशात टाकली, त्याच डाव्या हाताच्या खिशात. मेण पाघळलं अन् हात, खिसा, पायजमा सारं एक झालं. मले हसू आवरेना, अन् रागही आला. गिऱ्हाइकं परत जात होती.

"बजारात गॅसचा लायटर भेटते ना," मी म्हटलं. "कायले जीव जाळता?"

"त्याले जोर लागते, भाऊ."

मग त्यांनी सांगतलं. मागल्या साली त्यांच्या बायकोले, आमच्या भाभीले, लकवा झाला, तवापासून बोटात ताकद नाई. सून गुणाची आहे, चाय हातात आणून देते. भाभी ती थंड होऊ देते. "चूल दुसऱ्याच्या हाती गेली, तर स्वतःच्या घरात पाहुण्यावाणी बसते ती. हात थरथरते, बर्नरपर्यंत जायले टाइम लागते. तोवर धार टिकली पाह्यजे." त्या दिवसानंतर मी हसलो नाई.

मेण गेलं, घट्ट होणारा गोंद आला. ट्रान्झिस्टरले अल्युमिनियमची जाड पट्टी लागली, तारांची टोकं लांब नळीत गेली. दिवाळीच्या आधी एका सकाळी ते मले घरी घेऊन गेले. भाभीच्या हाती डबी देऊन स्वतः बाहेर आंगणात आले.

"आत थांबा ना," मी म्हटलं.

"थांबलो तर ती मलेच पेटवायले लावंल."

आतून चर्र आवाज सुरू झाला. थांबला नाई, चालतच राह्यला. मग गॅसनं भप्प केलं.

"दो कप रखूँ के तीन?" भाभीनं आतून विचारलं.

हमीदभाईनं भिंतीकडं पाहून तीन बोटं वर केली. भाभीले ती दिसणार नव्हती.

"तीन, भाभी," मी म्हटलं.